घरच्या वर्कशॉपमध्ये धूळ ओढायची यंत्रणा: कामाच्या नोंदी

जागा: पुणे, घरामागची शेड, 10 × 16 फूट, उंची 9 फूट. मशीन: 10 इंची टेबल सॉ, 12 इंची थिकनेस प्लेनर (फळी तासून एकसारख्या जाडीची करणारं मशीन), 14 इंची बँडसॉ, राऊटर टेबल, मिटर सॉ, हातातला सँडर. वीज सिंगल फेज.

9 नोव्हेंबर 2024

काही विकत घ्यायच्या आधी मोजून घेतलं. पीएम 2.5, म्हणजे हवेतले 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, दाखवणारा छोटा मीटर बाकावर ठेवला, खिडक्या बंद केल्या आणि 18 मिमी एमडीएफचे (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेली फळी) 8 फुटी सहा उभे कट टेबल सॉवर मारले. सुरुवातीला आकडा 45 होता. दिवाळीनंतरच्या दिवसांत बाहेरच्या हवेचाच तेवढा असतो. चौथ्या कटाला 900 च्या वर गेला. मशीन बंद करून पन्नास मिनिटं झाली तरी 100 च्या खाली आला नव्हता. असे स्वस्त मीटर लाकडाच्या धुळीसाठी जुळवलेले नसतात, म्हणून आकडा खरा धरायचा नाही. आधी आणि नंतर यांची तुलना करायला मात्र तो पुरतो.

जमिनीवर पडलेला भुसा झाडूने निघतो, त्याची चिंता नाही. दिवा बंद करून टॉर्चचा झोत आडवा टाकला की जे तरंगताना दिसतं, त्याच्यासाठी ही सगळी खटपट आहे. 10 मायक्रॉनच्या खालचे बरेच कण नाकात अडत नाहीत आणि त्यातले सर्वांत बारीक शांत हवेत तासन् तास खाली बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. एमडीएफमध्ये त्यावर फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाची भर. शिसवीच्या भुशाने काहींच्या कातडीवर पुरळ उठतं, ते वेगळंच.

13 नोव्हेंबर

ब्लोअर, म्हणजे धूळ ओढणारा मोठा पंखा, कुठे ठेवायचा ते ठरलं: भिंतीबाहेर, पत्र्याच्या 3 × 5 फुटी आडोशात. विभाजक (हवेतून भुसा वेगळा करणारा डबा), भुशाचं पिंप, ब्लोअर, फिल्टर सगळं तिथेच. थंड देशांतल्या लोकांना गरम केलेली हवा बाहेर घालवणं परवडत नाही, म्हणून ते फिल्टर केलेली हवा परत खोलीत सोडतात. आपल्याकडे ती अडचण नाही. फिल्टरमधून जे निसटेल ते शेडबाहेर राहतं आणि आवाजही बाहेर जातो. मग फिल्टर कशाला, असं वाटेल. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत असतात, म्हणून तो लागतोच.

हवा बाहेर जाणार तर तेवढीच आत यायला हवी. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या. शेडला लागून गॅस गीझरची मोरी असेल तर फार जपायला हवं: खिडक्या बंद ठेवून ब्लोअर चालवला तर गीझरचा जळका वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो. इथे गीझर दुसऱ्या टोकाला आहे, तरीही ब्लोअरच्या स्टार्टरशेजारी भिंतीवर ‘आधी खिडक्या’ असं रंगवून ठेवलं.

17 नोव्हेंबर

ब्लोअर आला. 2 एचपी, सिंगल फेज, मिनिटाला 2880 फेरे, 300 मिमीचा इंपेलर (आतलं पात्यांचं चाक).

अमेरिकेतले आराखडे बघून इंपेलर निवडताना एक गोष्ट हमखास सुटते. तिथली वीज 60 हर्ट्झची आणि मोटर 3450 फेऱ्यांची. आपल्या 50 हर्ट्झवर तोच इंपेलर 2880 नेच फिरतो. हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे सुमारे पाच षष्ठांश. दाब मात्र फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सत्तर टक्क्यांवर येतो. त्यामुळे त्यांची ‘2 एचपीला चार मशीन’ ही मांडणी इथे जशीच्या तशी चालत नाही. एका वेळी एकच मशीन, हे धरून पुढचं सगळं.

जोडणी: बोर्डापासून 4 चौरस मिमीची तांब्याची वायर, सी प्रकारचा 20 अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि विहिरीच्या पंपाला असतो तसा डीओएल स्टार्टर. स्टार्टरमधला ओव्हरलोड (जादा करंटला मोटर बंद करणारा भाग) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावला. बोर्डात आधी बी प्रकारचा 16 चा एमसीबी होता, तो पहिल्याच स्टार्टला पडला. जड इंपेलर वेग घ्यायला तीन-चार सेकंद लावतो आणि तेवढा वेळ मोटर पाच-सहापट करंट ओढते. स्टार्टरचा दुसरा फायदा मोठा आहे: वीज जाऊन परत आली तर ब्लोअर आपोआप सुरू होत नाही.

18 नोव्हेंबर

ब्लोअर ओढतोय, पण जोर नाही. तोंडाशी धरलेला वर्तमानपत्राचा कागद चिकटतो, पुठ्ठा चिकटत नाही. मोटर उलटी फिरत होती. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरीच कमी. म्हणून ‘ओढतोय म्हणजे बरोबर आहे’ असं धरलं तर चूक महिनोन् महिने सापडत नाही. बंद करून फेरे कमी होताना इंपेलरकडे बघायचं आणि केसिंगवरच्या बाणाशी ताडायचं. टर्मिनल बॉक्समध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली, पुठ्ठा चिकटला.

क्लॅम्प मीटरचे (तारेभोवती धरून करंट मोजायचं साधन) आकडे पुढे कामाला येतील म्हणून लिहून ठेवले. तोंड पूर्ण उघडं: 11.2 अँपिअर, म्हणजे पाटीवरच्या आकड्याच्या वर. तोंड फळीने बंद: 5.6. ब्लोअर अडला की मोटरवर ताण येतो असं वाटतं, पण खरं उलट आहे. जितकी जास्त हवा हलते तितका करंट जास्त. पाइप न जोडता मोकळा ब्लोअर फार वेळ चालवायचा नाही.

24 नोव्हेंबर

विभाजक केला, थिएन बॅफलच्या पद्धतीचा, पिंपावर बसणारा: हवा डब्यात गोल फिरते आणि भुसा कडेला जाऊन बॅफल नावाच्या आडव्या चकतीच्या फटीतून पिंपात पडतो. मापं:

गोल डबा 560 मिमी व्यासाचा, 180 मिमी उंच. वरची आणि खालची चकती 18 मिमी प्लायची. भिंत 2 मिमी पारदर्शक पॉलीकार्बोनेटची, पट्टी 1810 मिमी लांब, त्यात 50 मिमी एकमेकांवर. आत येणारं तोंड आयताकृती, 110 × 180, भिंतीला स्पर्शून येणारं. 160 च्या पाइपाचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, त्यामुळे वेग मोडत नाही. बाहेर जाणारा 160 चा पाइप वरच्या चकतीच्या मधोमध, आत 90 मिमी लोंबता. बॅफल 6 मिमी प्लायची. तिच्या कडेने 240 अंशांत 28 मिमी रुंद फट आणि उरलेल्या 120 अंशांत कड भिंतीला टेकलेली. हवा ज्या भागावर येऊन पडते तिथे फट ठेवायची नाही, नाहीतर येणारा झोत सरळ पिंपात घुसून खाली बसलेलं वर उडवतो.

पिंप 200 लिटरचं, लोखंडी, झाकणाला रिंग क्लॅम्प. झाकण 6 मिमी प्लायचं करायचा मोह टाळावा. मशीनकडच्या शाखांवरच्या सगळ्या झडपा बंद असताना ब्लोअर 200 मिमी पाण्याइतकी ओढ देतो. 570 मिमीच्या झाकणावर त्याचा भार 50 किलोच्या आसपास होतो. पातळ झाकण आत वाकतं आणि कडेने फट पडते. पातळ प्लास्टिकचं पिंप तर पोटात घेऊन दबतं.

30 नोव्हेंबर

पाइप. ड्रेनेजचा एसडब्ल्यूआर पाइप वापरला: मुख्य लाइन 160 मिमी, 4.5 मीटर, जमिनीपासून 7 फुटांवर. मशीनकडे उतरणाऱ्या शाखा 110 च्या. रबर रिंगचा प्रकार घेतला, सोल्यूशन कुठेही लावलं नाही. तुंबलं की हाताने उघडता आलं पाहिजे.

प्लंबर ज्या दिशेने सांडपाण्यासाठी जोडतात त्याच दिशेने इथेही: पाइपाचं सपाट टोक वाहत्या हवेच्या दिशेने पुढच्या सॉकेटमध्ये. उलटं जोडलं तर प्रत्येक सांध्याच्या कडेला रंध्याचे सोल (तासलेले कुरळे पापुद्रे) अडकतात. शाखा जोडायला टी कुठेच नाही, सगळीकडे वाय (तिरपा फाटा). 90 अंशाचं वळण लागेल तिथे 45 चे दोन बेंड आणि मध्ये एक फूट सरळ तुकडा. मुख्य लाइनच्या शेवटी डोअर टी (स्क्रूचं झाकण असलेला टी) बसवला. ड्रेनेजवाल्यांची ही वस्तू इथे नेमकी उपयोगी पडते, चार स्क्रू काढले की आत टॉर्च मारून बघता येतं.

लवचिक होज प्रत्येक मशीनला फक्त 70-80 सेंमी. वळ्यांमुळे त्याचा अडथळा सरळ पाइपाच्या तिप्पट धरावा. होजमधली तार सोलून मशीनच्या बॉडीला, तिथून अर्थिंगला. पीव्हीसी पाइप स्वतः वीज वाहत नाही, त्यामुळे बाहेरून तार गुंडाळून सगळी स्थिर वीज निघून जात नाही. कोरड्या हिवाळ्यात हाताला चटका बसतो तो मात्र कमी होतो. कारखान्याच्या पातळीवर धातूचाच पाइप हवा.

1 डिसेंबर

गळती शोधली. ब्लोअर चालू, सगळ्या झडपा बंद आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवली. धूर सरळ वर गेला तर सांधा ठीक, आत वळला तर गळती. हे काम भुसा पाइपात जायच्या आधीच करायचं. एकदा भुसा गेला की उदबत्तीची राख आत ओढली जाणं धोक्याचं, मग साबणाचा फेस लावून बघावं.

तीन ठिकाणी धूर वळला: डोअर टीचं झाकण, विभाजकाच्या पट्टीचा जोड, पिंपाचा काठ. पाइपाची गळती म्हणजे थोडी हवा फुकट. पिंपाची गळती फार वाईट: खालून शिरलेली हवा बसलेली धूळ उचलून थेट फिल्टरकडे नेते. पिंपाच्या काठाला दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी लावली, बाकी दोन्हीकडे सिलिकॉन.

8 डिसेंबर

झडपा. 12 मिमी प्लायच्या दोन फळ्या, मध्ये 4 मिमी अ‍ॅक्रिलिकची सरकती पट्टी. पहिल्या दोन झडपांची खाच एका टोकाला बंद होती. चारच दिवसांत त्या कोपऱ्यात भुसा ठासला आणि पट्टी 6 मिमी आधीच अडायला लागली. खाच आरपार केली, म्हणजे पट्टी बंद होताना भुसा पुढे ढकलून बाहेर पाडते. पाचही तशाच केल्या.

14 डिसेंबर

मोजायचं साधन केलं. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर ठोकली, मागे मिलिमीटरचा कागद, आत चमचाभर कुंकू घातलेलं पाणी. एका टोकाला 4 मिमीची तांब्याची नळी, तिचं तोंड पाइपाच्या मधोमध वाऱ्याच्या सामोरं. दुसरं टोक त्याच जागी पाइपाच्या भिंतीत पाडलेल्या बारीक भोकाला. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मिमीमध्ये वाचायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 4.2 ने गुणायचं: मधल्या हवेचा वेग मीटर प्रति सेकंद. पाइपातला सरासरी वेग त्याच्या 0.9 पट. पुस्तकी गुणक 4 च्या जवळ असतो. पुणे 560 मीटर उंचीवर, हवा थोडी विरळ, म्हणून 4.2.

लक्ष्य 20 मीटर प्रति सेकंद. प्लेनरची 110 ची शाखा उघडी ठेवून शाखेत 31 मिमी आले, म्हणजे सरासरी 21. उत्तम.

21 डिसेंबर

उत्तम नव्हतं. सागाच्या फळ्यांवर तासभर प्लेनर चालवला आणि डोअर टी उघडला. मुख्य लाइनच्या तळाशी रंध्याच्या सोलांचा चार सेंटिमीटरचा थर होता, वरून मऊ, खालून दाबून चटईसारखा झालेला. बोटाने उचलला तर वळकटीसारखा सलग निघाला.

कारण हिशेबात आहे. 110 मधली हवा 21 ने धावते, पण तीच हवा 160 मध्ये शिरली की जागा दुपटीहून जास्त मिळते. यू नळीने मुख्य लाइनमध्ये जेमतेम 7 मिमी दाखवले: सरासरी 10 मीटर प्रति सेकंद. बारीक भुसा तेवढ्यावर जातो, प्लेनरचे लांब कुरळे सोल जात नाहीत. ‘मुख्य लाइन मोठी ठेवा’ हा सल्ला सगळे देतात. पण लाइन मोठी आणि तोंड लहान असेल तर लाइन म्हणजे साठवणीची टाकी होते.

दोन उपाय होते. सगळीच लाइन 110 करायची, तर वेग राहतो पण मशीनच्या तोंडाशी तासाला साधारण 650 घनमीटरच हवा मिळते. बारीक धूळ पकडायला ती अपुरी. दुसरा उपाय, तोंडच मोठं करायचं. तोच घेतला.

5 जानेवारी 2025

प्लेनरचं 100 मिमीचं तोंड काढून 0.8 मिमी जीआय पत्र्याचं नवीन हुड केलं. रुंदी पात्यांच्या पूर्ण लांबीइतकी, मागे निमुळतं होत 150 मिमीच्या गोल तोंडाला. शाखाही 160 ची. आता मुख्य लाइनमध्ये 17 मिमी, सरासरी 15.6 मीटर प्रति सेकंद, तासाला हजार घनमीटरच्या थोडं वर. 20 गाठले नाहीत. या ब्लोअरने गाठले जाणारही नाहीत. पण पुन्हा तासभर सागच चालवून डोअर टी उघडला तेव्हा पाइपाचा तळ पुसल्यासारखा होता. शेडची हवा साधारण 41 घनमीटर, म्हणजे दर अडीच मिनिटांनी सगळी बदलते. बाहेर हवा सोडण्याचा हा खरा लाभ.

चालू करंट 8.1 अँपिअर.

टेबल सॉला खाली 110 आणि पात्यावरच्या गार्डला 63 ची नळी, दोन्ही कायम एकत्र उघडी. नुसतं खालून ओढलं तर एमडीएफची सगळ्यात बारीक धूळ पात्याच्या दातांबरोबर वर येऊन चालवणाऱ्याच्या तोंडावर उडते. कॅबिनेटच्या फटी पूर्ण बंद करायच्या नाहीत. हवा आत यायला जागा नसेल तर बाहेरही जात नाही. समोरच्या बाजूला 100 × 60 ची खिडकी ठेवली. बँडसॉला खालच्या चाकाच्या पेटीला 110 आणि टेबलाच्या लगेच खाली पात्याशी 63. राऊटर टेबलाला कुंपणामागून 63 आणि खालच्या पेटीतून 110. मिटर सॉचं समाधान झालेलं नाही. मागे पेटीसारखं हुड करून 110 जोडलं, निम्म्याहून थोडं जास्त पकडतं.

12 जानेवारी

सँडर या लाइनवर जोडून पाहिला. जवळजवळ काही ओढत नाही, आणि ओढणारही नाही. 35 मिमीच्या नळीतून हवा खेचायला दाब लागतो. ब्लोअरचा दाब 200 मिमी पाण्याइतका, चांगल्या व्हॅक्यूम क्लीनरचा 2000 च्या घरातला. व्हॅक्यूम थोडी हवा जोरात ओढतो, ब्लोअर भरपूर हवा हळुवार. हातातल्या मशीनला व्हॅक्यूम, उभ्या मशीनला ब्लोअर. एकाने दुसऱ्याचं काम करायला जाऊ नये. सँडरसाठी 30 लिटरच्या डब्यावर बसणारा छोटा सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारा शंकू) व्हॅक्यूमच्या आधी लावला, त्यामुळे व्हॅक्यूमचा फिल्टर वाचतो.

19 जानेवारी

9 नोव्हेंबरचीच चाचणी, तेच सहा कट, फक्त खिडक्या उघड्या आणि ब्लोअर चालू. सुरुवातीचा आकडा 50, सर्वांत वरचा 85, शेवटच्या कटानंतर सहा मिनिटांत परत 52. खिडक्या बंद ठेवलेल्या पहिल्या चाचणीशी ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, पण काम आता अशाच पद्धतीने होणार आहे. मास्क तरीही राहणार: एमडीएफ, सँडिंग आणि पिंप रिकामं करताना एन 95.

नियम लिहून पिंपावर चिकटवले. धातू घासायचा ग्राइंडर या लाइनला कधीही जोडायचा नाही. एक ठिणगी पिंपात रात्रभर धुमसते. जवसाच्या तेलाची चिंधी पिंपात टाकायची नाही. ती आपोआप तापून पेटते, पाण्यात भिजवून ठेवायची किंवा मोकळ्या हवेत दोरीवर पसरून वाळवायची. जुन्या लाकडातले खिळे चुंबकाने शोधल्याशिवाय प्लेनरला लावायचं नाही. काम संपलं की पिंप दोन तृतीयांशच्या वर ठेवायचं नाही. भुसा बॅफलला टेकला की विभाजक थांबतो आणि पुढचं सगळं फिल्टरमध्ये जातं. पिंपाला 80 × 200 ची अ‍ॅक्रिलिकची खिडकी कापली, आता पातळी दिसते.

भुसा दोन पोत्यांत. नुसत्या लाकडाचा कंपोस्टला चालतो, सागाचा कुजायला वेळ घेतो. प्लाय आणि एमडीएफचा कंपोस्टला नाही आणि कुणाच्या बंबातही नाही.

12 जुलै 2025

पावसाळ्यात ओढ उतरली. क्लॅम्प मीटरवर 6.7 अँपिअर. जानेवारीचे 8.1 लिहून ठेवले होते म्हणून लगेच कळलं: हवा कमी हलतेय. मुख्य लाइनमध्ये 9 मिमी. पाइप स्वच्छ, विभाजक स्वच्छ. फिल्टरच्या आतबाहेर यू नळी जोडली तर फरक 70 मिमी, नवीन असताना 20 होता. दमट हवेत घड्यांमधल्या धुळीचा लगदा होऊन तो कोरडा पडला होता.

फिल्टर आपटायचा नाही, घड्यांचे डिंकाचे सांधे सुटतात. स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे, कॉम्प्रेसर 3 बारवर, नोझल एक फूट लांब, घडीच्या लांबीने वरपासून खालपर्यंत. दोन फेऱ्या केल्या, मोकळ्या अंगणात, मास्क लावून. फरक 28 वर आला, करंट 7.8.

पुढे पावसाळाभर हे करायचं: काम संपल्यावर सगळ्या झडपा उघडून ब्लोअर दहा मिनिटं नुसता चालवायचा आणि मग फिल्टरवर ताडपत्रीची पिशवी चढवायची. बॅफलची कड दीड मिमी फुगली आहे, फट 26.5 वर आली. पॉलिश फक्त वरच्या बाजूला केलं होतं, प्लायच्या कडा कोऱ्या राहिल्या होत्या. पाऊस उघडल्यावर काढून कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यायचे. बाहेरच्या आडोशातल्या पाइपाला उन्हासाठी रंग द्यायचा आहे आणि फिल्टरखालच्या उघड्या तोंडाला 6 मिमीची जाळी. आज तिथून उंदराने आणलेल्या कापसाचा गोळा निघाला.

करंट दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजायचा. 7.3 च्या खाली गेला की फिल्टर काढायचा.